काय काम काढलंत?

पौषातलं मळभ मला अजिबात आवडत नाही. पाऊस यायचा तर यावा, ऊन पडायचं तर पडावं, हे मधलंच काय? बारामतीकडं तर ते आभाळ नुसतं येऊन बसतं. थेंब देत नाही आणि उठतही नाही. हरभऱ्यावर अळी पडते, दोरीवरच्या धुण्याला वास येतो, आणि घरातली माणसं उगीचच गप्प होतात. असा दिवस उगवला की मला अजून माझे सासरे दिसतात. पडवीतल्या खुर्चीत, कोट-टोपी घालून, कुठंही जायचं नसताना बसलेले.

मी बावड्याची. आमचा मळा विहिरीवरचा, मोटेचा. भाजीपाला आणि चार पेरूची झाडं. मला दिली बारामतीत, नोकरदार घरात. माझे यजमान इंदापूरच्या कचेरीत कारकून होते. एसटी तेव्हा नवी नवी होती आणि तिचा भरवसा काही नव्हता, म्हणून ते तिकडंच एका मित्राच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी रात्री घरी यायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे आठवडाभर घरात मी आणि सासरे. सगळे त्यांना तात्या म्हणत, मीही तात्याच म्हणायची.

तात्या पाटाच्या खात्यात होते. कालव्याचं पाणी कुणाला कधी मिळणार, किती मिळणार, कुणाची पाळी हुकली, कुणी चोरून पाटाची मोरी उघडली, हे सगळं त्यांच्याकडं. खाकी कोट घालून सायकलवरून पाटाच्या कडेकडेनं हिंडायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या नोकरीचे शेवटचे महिने होते. पहाटे मी सडा टाकायला दार उघडलं, की पायरीवर दोन-तीन धोतरवाले बसलेलेच. मला बाई लाज वाटायची, कारण केसही बांधलेले नसायचे. तात्या बाहेर येत, खाली वाकून बुटाची नाडी बांधत, आणि वर न बघताच विचारत, "काय काम काढलंत?"

मग तो माणूस सांगायचा. ऊस वाळायला लागला, पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचत नाही, वरचा दांडगाई करतो. सांगून झालं की हमखास म्हणायचा, "हुतंय का बगा, सायेब." आणि तात्या म्हणायचे, "बघतो." बस्स. 'हो' म्हटलेलं मी त्यांना कधी ऐकलं नाही. पण त्यांचं 'बघतो' ऐकलं की माणूस निर्धास्त होऊन उठायचा. मग आतून चहा यायचा. चहा प्यायल्याशिवाय ते कुणाला जाऊ देत नसत आणि कुणाचं वांगंसुद्धा घरात घेत नसत. द्यायचं, घ्यायचं नाही, असा त्यांचा खाक्या.

मग ते निवृत्त झाले. हार झाले, नारळ झाला, शाल झाली. दुसऱ्या दिवशी तात्या नेहमीच्या वेळेला उठले, दाढी केली, कोट घातला आणि पडवीत येऊन बसले. पायरीवर कुणी नव्हतं. असणार कसं? पायरीवरची माणसं आता नव्या साहेबाच्या पायरीवर गेली होती. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्याच्या हातात पाणी, त्याच्या दारात माणसं.

पण सगळेच काही पाण्यापुरते नव्हते. काहींचा खरंच जीव होता तात्यांवर. महिन्याभरानं पणदऱ्याचे एक बागायतदार आले. चांगले वयस्कर, फेटा बांधलेले, डोक्यावर वांग्यांची पाटी घेतलेला गडी बरोबर. तात्यांना कोण आनंद झाला. खुर्चीतून उठून पुढं गेले आणि म्हणाले, "काय काम काढलंत?"

"काम न्हाय. सहज आलतो."

"सहज कशाला कोण येतंय? बोला, संकोच करू नका. माझ्या हातात काही राहिलं नाही, पण नव्या साहेबांना शब्द टाकीन."

त्या बिचाऱ्याचं तोंड पार उतरलं. चहाचा कप अर्धा ठेवून तो उठला. वर तात्यांनी वांग्यांची पाटी गड्याच्या हाती माघारी दिली. "नोकरीत घेतलं नाही, आता कशाला," म्हणाले. मी आत कपाळाला हात लावला.

आता हे शहरातल्यांना कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडं आलेल्या माणसाला का आलात म्हणून विचारत नाहीत. आधी तांब्या पुढं करायचा. मग पाऊसपाणी, गुरंढोरं, पोरंबाळं. काम असलंच तर ते निघताना, वहाण पायात घालता घालता निघतं. आल्या आल्या 'काय काम काढलं' म्हणजे 'बोल आणि चालू लाग'. कामाशिवाय आलेल्याला तर तो अपमानच. तात्यांच्या मनात तसं काही नव्हतं. उभा जन्म तो प्रश्न त्यांनी मायेनंच विचारला होता, तुमच्यासाठी काय करू, अशा अर्थानं. पण ऐकणाऱ्याला ते कसं कळावं?

पणदऱ्याच्या बागायतदारांमागून कऱ्हाटीचे एक गृहस्थ आले, तात्यांच्या शाळेतले सोबती. कऱ्हाटीला कुठलं पाटाचं पाणी? तरी त्यांनाही तेच. तेही गेले. आणि गोष्ट बाजारात झाली. मीच भाजी घेताना माझ्या कानांनी ऐकली. "पाटावरच्या सायबाकडं रिकामं जायाची सोय न्हाय बाबा," एकजण दुसऱ्याला सांगत होता. त्यानंतर आमच्या पायरीवर कुणी चढेना.

मी यजमानांना सांगितलं, तात्यांना एवढं समजावा. तर ते म्हणाले, "तात्यांना? मी? तूच सांग." वर्ष न झालेली सून मी. सासऱ्याला बोलायचं कसं ते शिकवायला निघाले असते, तर आमच्या आईनं बावड्याहून येऊन मला बदडलं असतं.

असे महिने गेले. तात्या बसलेलेच. सायकल पडवीत भिंतीला टेकलेली. ती रोज पुसायचे, पण कुठं न्यायचे नाहीत. पुसून झाली की पायडल एकदा जोरात फिरवायचे आणि चाक थांबेपर्यंत ती टकटक ऐकत उभे राहायचे. पुण्याहून थोरल्या दिरांचा निरोपावर निरोप. इथं एकटे काय करता, इकडं या. पुण्यात त्यांची चाळीतली दोनच खोल्यांची जागा, तीत पाच माणसं. तात्या आधी नाहीच म्हणायचे. पण संक्रांतीच्या सुमारास एकदा हसून म्हणाले, "जातो बापडा. इथं मला कुत्रं विचारत नाही." हसून म्हणाले म्हणूनच ते मला जास्त लागलं.

ठरलं. येत्या रविवारी दीर न्यायला येणार. भाड्याचं घर सोडायचं. इंदापुरात बिऱ्हाड मिळेपर्यंत मला बावड्याला ठेवायचं. माहेर कुणाला नको असतं? मलाही हवंच होतं. पण असं नको होतं. वर्षाच्या आत पोर बोचकं घेऊन माघारी आली, की गाव काय बोलतं ते मला ठाऊक होतं. आणि त्याहून मला तात्यांचं भय वाटत होतं. पंचावन्नाचा माणूस, दात शाबूत, चाल ताठ. चाळीच्या कोपऱ्यात नेऊन बसवला तर वर्षभरात संपला असता.

तर त्या आठवड्यात हे मळभ आलं.

त्या दिवशी सकाळी तात्यांनी ट्रंक भरली आणि पडवीत आणून ठेवली. निघायला अजून अवकाश होता, तरी ठेवली. मग कोट घालून खुर्चीत बसले. मी चहा दिला, प्याले. थोड्या वेळानं म्हणाले, "सूनबाई, चहा झाला का?" मी म्हटलं, "झाला ना, तात्या." "हो का," म्हणाले. मग मलाच कसंसं झालं आणि मी पुन्हा टाकला.

घरात असा सन्नाटा की स्टोव्ह विझवला तर कान दुखावेत. मी ज्वारी निवडायला बसले. मध्येच तात्या उठून परसदारी गेले. तिथून पाट दिसायचा. बराच वेळ काठाशी उभे राहिले, आत आले आणि म्हणाले, "पाणी कमी सोडलंय आज." हे त्यांनी सांगितलं कुणाला, तर मला. मी काय बोलणार? "व्हय," म्हटलं. मग ते सायकलपाशी गेले. टकटक झाली, थांबली. दुपारी पानावर बसले तेव्हा अर्धी भाकरी खाल्ली आणि ताटाला नमस्कार करून उठले. दिवसाचे किती वाजले तेही कळेना, सकाळपासून उजेड तेवढाच. घर खायला उठणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. माणसं घरात असून उठतं.

तिसऱ्या प्रहरी मी घागर घेऊन गल्लीच्या तोंडाशी नळावर गेले, तर समोरून आबा. आबा म्हणजे माझे वडील. बाजाराला माल घेऊन आले होते, परत जायच्या आधी पोरीचं तोंड बघावं म्हणून वळले. खांद्यावरच्या उपरण्यात पेरू बांधलेले. मला एरवी नाचावंसं वाटलं असतं. त्या दिवशी मात्र धाबं दणाणलं. आता तात्या यांनाही विचारणार, काय काम काढलंत. आणि आमचे आबा म्हणजे मोठे मानी. लेकीच्या दारात व्याह्यानं असं विचारलं, तर पुन्हा पाऊल टाकायचे नाहीत.

मी घागर तिथंच ठेवली. "आबा, ते इचारतील काय काम काढलं. कायतरी काम सांगा."

"मला काय काम? पोरीला बघाया आलोय."

"ते न्हाय चालायचं. काम सांगा. ह्या पेरूंना रोग पडलाय म्हणा, दाखवाया आणलेत म्हणा."

"त्यास्नी काय कळतंय पेरूतलं?"

"नसू दे कळत. तुमी म्हणा."

आबांनी उपरणं सोडून एक पेरू उलटसुलट करून पाहिला. "चांगलं गोमटं फळ हाय," नाखुशीनंच म्हणाले. मग स्वतःशी पुटपुटत माझ्यामागून चालू लागले, "रोग पडलाय, दाखवाया आणलेत." जन्मात कधी खोटं बोलले नव्हते. मी मनात म्हटलं, हा माणूस आता फजिती करणार.

पडवीत आल्यावर तात्या नुसतं "या" म्हणाले. आबा बाकाच्या कडेला टेकले, पेरू मांडीवर. मी आत जाऊन दाराआड उभी राहिले. आता विचारतील, मग विचारतील.

तात्यांनी विचारलंच नाही.

आबा खाकरले. "मळभ लई धरलंय."

"हं."

"हरभरा ग्येला म्हनायचा."

"हं."

आबांची इकडं चुळबुळ चाललेली. घोकून आणलेलं त्यांना कुठंतरी टाकायचं होतं आणि जागाच मिळत नव्हती. शेवटी त्यांनाच राहवेना.

"तात्या, आज इचारलं न्हाय?"

"काय?"

"काय काम काढलं म्हून. मानसं सांगत्यात, तुमी आदी त्येच इचारता."

दाराची कडी घट्ट धरून मी डोळे मिटले.

तात्या रागावले नाहीत. म्हणाले, "माझ्याकडं आता कुणाचं काय काम असणार, आबा? रविवारी पुण्याला निघालोय. ही बघा ट्रंक भरली."

आबांना हे ठाऊक नव्हतं. मी कळवलंच नव्हतं, कुठल्या तोंडानं कळवू? त्यांनी ट्रंकेकडं पाहिलं. मग दाराकडं पाहिलं, माझ्या पातळाचा काठ दिसत असणार. पेरूचं सगळं घोकलेलं ते विसरले.

"मग काम हाय," ते म्हणाले.

तात्या खुर्चीत ताठ झाले. ते मी फटीतून पाहिलं.

"आमी पोर दिली ती घर बघून न्हाय. जावई बघूनबी न्हाय, जावई तवा नुकतं मिसरूड फुटल्यालं पोरगं. आमी तुमाला बघून दिली. कुणाचं वांगंबी घेतलं न्हाय ह्या मानसानं, ह्ये समद्या मुलखाला ठावं. आता जावई तिकडं इंदापुरात. तुमी पुण्याला ग्येलाव, तर पोर वरसाच्या आत बोचकं घिऊन माघारी येनार. गावाला त्वांड कसं दावू मी? हितं तिच्या डोईवर कुनीतरी पायजे. ह्ये काम हाय माजं." मग आबा तेच म्हणाले, जे पायरीवरचा प्रत्येक माणूस म्हणायचा, "हुतंय का बगा."

मी आत पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी.

"बघतो," तात्या म्हणाले.

आणि मी दाराआड खाली बसले.

लगेच हाक आली, "सूनबाई, चहा." कितीतरी महिन्यांत तो आवाज मी ऐकला नव्हता. आबा हात हलवायला लागले, "न्हाय न्हाय, नातू हुईस्तवर लेकीच्या घरचं पानीबी चालत न्हाय आमाला." तात्या म्हणाले, "काम घेऊन आलेल्याला मी चहाशिवाय कधी सोडलेलं नाही. हा लेकीच्या घरचा नव्हे, ऑफिसातला आहे." मग आबा बशीत ओतून प्याले.

मग उपरण्यातलं आबांना आठवलं. "ह्यास्नी रोग पडलाय म्हून दाखवाया आनलं हुतं," ते छताकडं बघत म्हणाले. तात्यांनी एक पेरू घेतला, चष्मा वर करून नीट पाहिला.

"याला काही झालेलं नाही."

"न्हायच झालं," आबा म्हणाले.

दोघंही हसले. तात्यांनी तो पेरू कोटाला पुसला आणि खाल्ला. बाहेरून आलेली कुणाची वस्तू त्यांनी घेतलेली मी पहिल्यांदा पाहिली.

रविवारी दीर आले ते टांगा ठरवूनच. तात्या त्यांना म्हणाले, "मला इथं काम आहे." दिरांनी पुष्कळ विचारलं, कसलं काम. "आहे," एवढंच. ट्रंक माझ्या हातांनी मी खाटेखाली सरकवली, आणि सरकवताना चक्क गाणं म्हणत होते.

तात्या सुधारले असं कुणी समजू नये. प्रश्न तोच राहिला. पण आबांनी बाजारात सगळ्यांना पढवून ठेवलं, सायेबानं इचारलं की काम सांगायचं, नसलं तर रचायचं. मग काय विचारता. कुणी कोयत्याची सैल मूठ घेऊन यायचा, कुणी बैलाचा रंग कसा वाटतो विचारायला. पणदऱ्याचे बागायतदार पुन्हा आले आणि म्हणाले, पोरीला लोणी भापकरचं स्थळ आलंय, तेवढं बघून या. तात्या सायकल काढून खरंच बघून आले. आबा तर दर बाजाराला. पेरूला दर वेळी नवा रोग. तात्या तपासायचे, काही झालेलं नाही म्हणायचे, आणि मग अंधार पडेपर्यंत दोघं बसायचे. फार बोलायचे असंही नाही.

तीन-एक वर्षं असं चाललं. मग आबा गेले, झोपेतच. मी आधीच धावले होते. तिसऱ्या दिवशी तात्या एसटीनं बावड्याला आले. उन्हाचा तडाखा, फाट्यापासून चालत. आमच्या पडवीत माणसं घोंगड्यावर बसली होती. तात्यांनी टोपी काढली आणि भिंतीकडेला बसले. माझा थोरला भाऊ उठून जवळ गेला.

"तात्या, येवढ्या उन्हाचं तुमी कशाला आलाव? निरोप धाडला असता तरी चाललं असतं."

"काम होतं त्यांच्याकडं," तात्या म्हणाले.

भावाला वाटलं काही देणंघेणं राहिलं असेल. त्यानं विचारलं, "काय काम हुतं?"

तात्यांनी हातातली टोपी मांडीवर ठेवली.

"बसायचं," म्हणाले. आणि शेवटची गाडी निघून गेली तरी ते तिथंच बसून होते.